पोकळ रकाना

१

किसनरावांचा चांद्या मेला, आणि मेला तोही खांदमळणीच्या दिवशी.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं खांदा शेकायचा आणि कानाशी लागून म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." साळवणीत ही रीत चुकवलेला माणूस कुणाच्या आठवणीत नव्हता. किसनराव तुपाची वाटी घेऊन गोठ्यात गेले, तर चांद्या चारी पाय ताणून आडवा. तोंडाला लालसर फेस, डोळे उघडे. शेजारच्या खुंट्याला बाळ्या, त्याचा जोडीदार, शांतपणे कडबा चघळत उभा होता. वाटी किसनरावांच्या हातून पडली आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की चावडीवरची माणसं उठून धावली.

हे सन एकतीसचं. साळवणी म्हणजे नांदुऱ्यापासून तीन कोसांवरचं, ऐंशी उंबऱ्यांचं गाव. त्या गावात अडलेल्या प्रत्येक गोष्टीचं एक ठिकाण होतं, उत्तमराव मास्तरांचा ओटा. मास्तरांनी पंचवीस वर्षं शाळा केली, पेन्शन घेतली, आणि मग गावानं त्यांना पंचायतीचं मुख्य पंच करून टाकलं. मास्तरांजवळ एक वही असे. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे 'वजनदार', उजवीकडे 'पोकळ'. पंचायतीपुढं कुणी काही बोललं की ते कुठल्या तरी रकान्यात पडे. प्रश्नाला धरून असेल, खरं असेल, ज्यावरून निकाल फिरावा असं असेल, तर डावीकडे. रडणं, ओरडणं, शिव्याशाप, नातंगोतं, 'आमच्या आज्यापासून असंच चालत आलं' हे सगळं उजवीकडे. मास्तर म्हणत, "बोलणाऱ्याचं नाव झाका, आणि मग बोलणं वाचा." गावाला या वहीचा अभिमान होता. मास्तरांना तर जरा जास्तच होता, आणि ते तो लपवतही नसत.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, ओट्यावर किसनराव मान खाली घालून बसले होते. बोलत होते ते भगवानराव. खरं तर या दोघांचं वर्षातून एकदाच बिनसे, ते पोळ्याला. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची, हा मान किसनरावांच्या घराकडे होता आणि भगवानरावांना तो हवा होता. पण आज भगवानराव किसनरावांपेक्षा जास्त चिडलेले दिसत होते.

"त्या रंगाऱ्याले, कय्यूमले, रातभर चावडीत बांधून ठेवला हाय. नांदुऱ्याहून शिपाई बोलावला. चार वाजता तोरणाखाली येईन तो. तुमी फक्त वहीतला कागद त्याच्या हाती द्या मास्तर, बाकी तो पाहून घेईन."

"कय्यूमनं काय केलं?"

"इख घातलं! काल दोन्ही बैलाईची शिंगं रंगवून पाच वाजता गेला तो. मंग गोठ्यात कोणीच गेलं नाई. दिवे लागाच्या आंधी बैल मेला. अजून काय पाह्यजे?"

मास्तर काल दिवसभर नांदुऱ्याला तहसील कचेरीत होते. दमणी स्वतःच हाकत परतले तेव्हा दिवे लागून गेले होते, आणि त्यांचं घर गावाच्या कडेला असल्यानं गलका कानी आला तोही उशिरा. चावडीत कुणाला तरी बांधलंय हे त्यांना रात्रीच कळलं होतं. सकाळी पाहू, असं म्हणून ते झोपले होते. ते आता त्यांना आठवलं.

"चारच्या आत सांगतो," ते म्हणाले आणि वही काखेत मारून निघाले.

२

कय्यूमचा डावा डोळा सुजून मिटला होता. दर पोळ्याला तो नांदुऱ्याहून रंगाचे डबे घेऊन यायचा आणि दोन दिवसांत गावभरची शिंगं रंगवून जायचा. साळवणीत त्याला बारा वर्षं झाली होती. आज त्याचे दोन्ही हात चावडीच्या खांबाला बांधलेले होते.

"दोर सोडा," मास्तर म्हणाले.

"शिपाई आल्यावर सोडू," भगवानराव म्हणाले. मास्तरांनी फक्त एक हात मोकळा करून घेतला, तोही पाणी पिण्यापुरता.

"मास्तर, म्या काऊन मारीन चांद्याले?" कय्यूम म्हणाला. "शिंग रंगवतानी जो बैल मान हालवत नाई, असा तो एकच हाय या गावात."

"मागल्या पोळ्याले किसनरावनं याच्या कानफडीत देल्ली होती," भगवानरावांनी सांगितलं. "रंग उतरला म्हणून. ते धरून बसला असन."

"खरं आहे का, कय्यूम?"

"हाव. देल्ली होती."

मास्तरांनी वही उघडली. मारलं हे खरं. पण कय्यूमचं नाव झाकलं, तर किसनरावांनी कानफडीत दिलेली माणसं गावात पंधरा तरी निघाली असती, आणि त्यात भगवानरावांचा सख्खा भाचा होता. नुसता राग म्हणजे हात नव्हे. मास्तरांनी ते उजवीकडे टाकलं.

"आणि हा डबा?" भगवानरावांनी पिवळ्या रंगाचा डबा पायानं पुढं सरकवला. "हरताळ हाय. सोमल असते त्यात, जहाल इख. अन् बैलाच्या तोंडाले लाल कशाचं हाय? लाल रंगातला हिंगूळ, तेही इखच! इख याच्या खोक्यातच भरून हाय."

कय्यूमनं मोकळा हात डब्यात बुडवला, पिवळं बोट सगळ्यांसमोर जिभेवर ठेवलं आणि गिळलं. "हरताळ नाई, रामरज हाय, पिवळी माती. हरताळ मले परवडते का? अन् लाल डबा म्या काल उघडलाच नाई. किसनरावले हिरवी-पिवळी शिंगं पाह्यजे होती."

"नाटक करून राह्यला!" मागून कुणी तरी ओरडलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

माणूस संशयाचा रंग स्वतः गिळून दाखवतो आणि लोक त्याला नाटक म्हणतात. मास्तरांना हे खटकलं. पण समोर वीस माणसं होती, सणाचा दिवस होता, आणि ते इतकंच म्हणाले, "मी आधी गोठा पाहतो." कय्यूमनं एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा मोकळा हात पुन्हा बांधला गेला तेव्हा मास्तर पायरी उतरत होते.

३

चांद्यावर घोंगडी टाकली होती. मास्तरांनी ती तोंडावरून सारली आणि फेस बोटावर घेतला. कय्यूमचे रंग जवसाच्या तेलात कालवलेले असत, पाण्यानं हलत नसत. मास्तरांनी बोटावर तांब्यातलं पाणी ओतलं. लाल उतरून गेलं. तो रंग नव्हता, रक्त होतं, आणि तेही ताज्यासारखं लालभडक.

मग ते शिंगांकडे वळले. कोवळं हिरवं, टोकाला पिवळं, काम सुरेख होतं. बाळ्याची शिंगंही तशीच होती.

"किसनराव, बैलाची जीभ स्वतःच्या शिंगापर्यंत पोचते का?"

"नाई पोचत."

"मग चांद्याच्या शिंगावरचा रंग चाटला असता तर कुणी?"

किसनरावांनी बाळ्याकडे पाहिलं. बाळ्यानं त्या सकाळी तिसऱ्यांदा पेंडीत तोंड घातलं होतं. "यानं," ते हळूच म्हणाले.

"आणि हा धडधाकट आहे. म्हणजे रंगानं मेला हे पोकळ. आता सांगा, गव्हाण दोघांची एकच. पेंडीत विष असतं तर दोघंही गेले असते. याचा अर्थ जे काही पोटात गेलं ते एकट्या चांद्याच्या पुढं पडलं."

"तेच तं म्हणून राह्यलो," दारातून भगवानराव म्हणाले. "कय्यूमनंच टाकलं."

"बैल मेल्यानं पहिला मान आजपासून कुणाकडे जातो, भगवानराव?"

भगवानराव दारातून एक पाऊल मागं सरले. मास्तरांनी त्यांना एक श्वासभर तसंच राहू दिलं, त्यात त्यांना थोडा आनंदही वाटला. मग ते स्वतःच म्हणाले, "पण तुम्ही काल दुपारी दोनपासून चावडीवर याच मानासाठी भांडत होता, वीस माणसांसमोर. ज्याचा फायदा त्याचाच हात, असं धरलं तर निम्मं गाव रोज फासावर जाईल."

भगवानराव काही बोलणार, तोच गोठ्याच्या कुडाबाहेरून खरखरीत आवाज आला.

"ज्वारी लागली रे त्याले! ताणातली ज्वारी, इख चढलेली! रक्त पाहा ना कसं हाय!"

ती अंबूबाई होती. गावाची गुरं राखणारी, नवरा मेल्यावर तेच काम पुढं चालवणारी. भगवानरावांनी काठी उचलली. "चाल निंग! तूच शाप देल्ला होता ना पंचायतीत, बैलं तडफडून मरतीन म्हणून? इख तुझ्याच तोंडात हाय."

किसनराव थकल्या आवाजात म्हणाले, "मास्तर, ज्वारी लागली असती तं मले समजलं नसतं का? जलम गेला माहा. बैल कालच्यान सोडलाच नाई. नदीवर धुतला, थेट दावणीले आणून बांधला. तो ज्वारीत गेलाच कवा?"

हे बोलणं प्रश्नाला धरून होतं. मास्तरांनी डावीकडे लिहिलं, 'बैल सुटला नव्हता.' आणि अंबूबाईचं? तिच्याकडे पुरावा नव्हता, नुसती ओरड होती. त्यांनी तिचं काहीच लिहिलं नाही. ती कुडाबाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

निघताना मास्तर सवयीनं गव्हाणीवरून हात फिरवत होते. चांद्याच्या बाजूला, फळीच्या सांध्यात काही तरी अडकलं होतं. त्यांनी नखानं ओढून काढलं. बोटभर लांबीचं पान, मधोमध पांढरी शीर. कडबा पिवळा असतो. हे हिरवं होतं.

४

गावातून गायरानाकडे जाणारी वाट मास्तर पंधरा दिवसांपासून टाळत होते. आज टाळता येईना.

गायरान बंद करण्याचा ठराव त्यांच्याच पंचायतीनं केला होता. तिथं बाभळी लावायच्या, भोवती काटे टाकायचे, गुरं आत येऊ द्यायची नाहीत. भगवानराव म्हणाले होते, "शेतकी खात्याचे साहेब म्हणतात, लागवड कराच." ते मास्तरांनी डावीकडे लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. साहेबांनी का म्हटलं, कुठल्या गावासाठी म्हटलं, पावसानं ओढ दिलेल्या वर्षी म्हटलं की नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

अंबूबाई काट्यांच्या कुंपणाबाहेर चार हाडकुळ्या गाई घेऊन बसली होती. मास्तर आले तरी उठली नाही.

"अंबूबाई, त्या दिवशी पंचायतीत तू काय बोलली होतीस?"

"तुमी लिवलं नाई का?"

मास्तरांनी वही चाळली. सापडलं. उजवा रकाना, एक ओळ. 'अंबूबाई: रडणे, शाप. पोकळ.' ते त्यांनी वाचून दाखवलं नाही, पण तिनं त्यांच्या चेहऱ्यावरूनच वाचलं असावं.

"म्या शाप नाई देल्ला मास्तर. म्या म्हटलं, पावसानं ओढ देल्ली, धुऱ्याचं गवत जळलं. गायरान बंद कराल तं हिरवं भेटन कुठी? हिरवी हाय ते फकस्त ज्वारी, अन् तेही वीतभर, ताणात खुरटलेली. तसल्या ज्वारीत इख असते. पोळा येऊन राह्यला. पोळ्याले बैलापुढं हिरवं टाका लागते. कोणी ना कोणी तेच कापून आणन, अन् बैलं तडफडून मरतीन. इतकंच म्हटलं. म्हणतानी मले रडू आलं. आता त्याले म्या का करू?"

मास्तर बांधावर बसले. तिच्या बोलण्यात सगळं होतं. काय घडेल, का घडेल, कुठल्या दिवशी घडेल. त्या सभेत याहून वजनदार कुणीच बोललं नव्हतं. ती रडायला लागली तेव्हाच त्यांनी ऐकणं थांबवलं होतं, आणि लेखणी उजवीकडे नेली होती. नाव झाकायला ते विसरले नव्हते. त्यांनी रडणं पाहिलं होतं आणि त्यामागचं वाक्य झाकलं होतं.

"सकाळी पण म्या वरडली, रक्त पाहा म्हणून. ज्वारीच्या इखानंच ते असं लालभडक राह्यते," अंबूबाई म्हणाली. "तवाही तुमी नाई लिवलं."

पाप वाटणं म्हणजे काय, ते मास्तरांना त्या बांधावर पुरतं कळलं. कय्यूमचा सुजलेला डोळा समोर आला, घोंगडीखालचा चांद्या आला, आणि त्यांच्या लक्षात आलं की या दोघांनाही त्यांच्या एका ओळीनं मारलं होतं.

पण अजून एक गाठ उरली होती. बैल ज्वारीत गेला नव्हता हे खरं. त्यावरून ज्वारी बैलाकडे आली नव्हती असं कुठं ठरत होतं? आणि तेच त्यांनी मुकाट्यानं धरून ठेवलं होतं. भगवानरावांचं 'गोठ्यात कोणीच गेलं नाई' हेही तसंच. तसं म्हणताना त्यांनी फक्त पुरुष मोजले होते. गोठ्याचं एक दार घरात उघडत होतं.

मास्तर उठले आणि किसनरावांच्या घरामागच्या धुऱ्यानं, शेताच्या बांधानं, निघाले. दहा-बारा हात ज्वारी बुडातून कापलेली होती. गुरानं खाल्लेलं ठोंब ओढाताणीनं चिरफाळतं. हे काप स्वच्छ होते, विळ्याचे. एका ठोंबावर रक्ताचा सुकलेला ठिपका होता.

५

किसनरावांच्या घरात बाईमाणूस एकच होतं, सून कोकिळा. देऊळगाव राजाची, पेठेतल्या दुकानदाराची मुलगी, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. सासू नव्हती. नवरा पोळ्याच्या खरेदीला खामगावला गेला होता आणि दुपारच्या गाडीनं यायचा होता. मास्तर परसदारी गेले तेव्हा ती पुरणाची डाळ शिजवत होती. बैल मेला तरी बाळ्यासाठी नैवेद्य करावा लागणारच होता. डाव्या हाताच्या बोटाला हळदीची चिंधी होती.

"कोकिळाबाई, बोटाला काय झालं?"

तिनं हात पदराखाली घेतला. "भाजी चिरताना…"

"धुऱ्यावरची?"

पळी तिच्या हातातून डाळीत पडली. ती चुलीपाशीच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ती किती जपत होती, ते मास्तरांना दिसलं. काल संध्याकाळपासून ती अशीच रडत असणार.

"मामंजी म्हणाले होते, आज चांद्याला वाळलं टाकायचं नाही, हिरवं टाक. मी कुठून आणू? गायरानाला काटे लावलेत. कय्यूमदादा गेले, मामंजी चावडीवर होते, मी विळा घेऊन मागं गेले. ज्वारी हिरवीगार दिसली. आमच्याकडं पेठेत कुणाला ठाऊक असतंय हो असलं? एकच पेंढी निघाली, बाळ्याला पुरली नाही. चांद्यानं हातातून खाल्लं माझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"मला काल कळलंच नाही कशानं मेला ते. सकाळी अंबूबाई ओरडली तेव्हा कळलं. रात्री कय्यूमदादाला मारत होते ते इथपर्यंत ऐकू येत होतं." तिनं डोळे पुसले आणि सरळ मास्तरांकडे पाहिलं. "मी सांगते. चला, मीच सांगते सगळ्यांसमोर. पण मग मला हे देऊळगावला पोचवून देतील, कायमचं. मानाचा बैल मारला म्हणून. माझ्या धाकट्या दोघी बहिणी आहेत."

किसनराव माणूस वाईट नव्हता, पण चांद्या त्याला लेकरापेक्षा थोडा जास्तच होता. सुनेचं काय होईल, हे मास्तरांना लख्ख दिसत होतं. तोरणाखाली खरं सांगितलं तर ही जाते. नाही सांगितलं तर कय्यूम जातो. आणि दोघांच्याही मागं उभा होता तो ठराव, तो मास्तरांच्या सहीचा.

"तू चुलीपाशीच राहा," ते म्हणाले.

"आणि कय्यूमदादा?"

"ते माझ्याकडे."

६

चार वाजता वेशीत आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं होतं आणि त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या होत्या. बाशिंगं, झुली, गोंडे सगळं होतं, पण डफडं मुकं होतं आणि पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणणाऱ्यांनी तोंड उघडलं नव्हतं. नांदुऱ्याचा शिपाई दगडावर बसून बिडी ओढत होता. कय्यूमचे हात बांधलेलेच होते. बायका एका बाजूला गोळा झाल्या होत्या. कोकिळाही त्यांत येऊन उभी राहिली होती. चुलीपाशी राहा म्हटलं तरी ती राहिली नव्हती.

मास्तरांनी वही उघडली नाही. ते तोंडानंच सांगत गेले. लाल होतं ते रक्त, रंग नव्हे. शिंगावरचा रंग चाटता आला असता तो फक्त बाळ्याला, आणि बाळ्या समोर उभा आहे. डब्यात रामरज आहे, कय्यूमनं ती सर्वांसमोर गिळली, आणि तो अजून जिवंत आहे. मग त्यांनी खिशातून ते हिरवं पान काढलं.

"हे चांद्याच्या गव्हाणीत सापडलं. कशाचं आहे, किसनराव?"

किसनरावांनी पान हातात घेतलं, मधली पांढरी शीर पाहिली, वास घेतला. "ज्वारीचं. कोवळ्या." मग त्यांनी मान वर केली. "अंबूबाई खरं म्हणत होती मंग. पण घातली कोणं?"

बायकांच्या घोळक्यातून कोकिळा एक पाऊल पुढं आली. मास्तरांनी ते पाहिलं.

"मी घातली," ते म्हणाले.

शिपायानं बिडी तोंडातून काढली.

"काल नांदुऱ्याहून येताना धुऱ्यावरची हिरवी ज्वारी दिसली. पोळ्याचा बैल, गायरान मी बंद केलेलं, म्हटलं हिरवा घास द्यावा. पेंढी कापली आणि चांद्यापुढं टाकली. गायरान आजपासून उघडं आहे. शिपाईदादा, कागद माझ्या नावावर करा."

हे सांगताना त्यांनी उलटतपासणीची सगळी तयारी ठेवली होती. कुठला धुरा, किती वाजता, गोठ्यात कोणत्या दारानं गेलात, विळा कुणाचा. प्रत्येकाचं उत्तर त्यांनी वाटेत जुळवलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर पोकळ होतं. एक जरी बरा प्रश्न आला असता तरी ते सगळं कोसळलं असतं.

किसनरावांचा हात वर गेला. मास्तरांनी डोळे मिटले. मार पडायला हवा होता, त्यांना तो मनापासून हवा होता.

पण किसनरावांनी तो हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. "मास्तर, तुमी शेतकरी नाई. तुमाले मालूम नसन."

"माणसाची चूक होते," भगवानराव म्हणाले.

शिपायानं बिडी विझवली. चुकून चारा घातला म्हणून मास्तरांसारख्या माणसावर काय कागद करायचा, असं म्हणत तो हसला. दोन-चार जण त्याच्याबरोबर हसले. काल रात्री याच लोकांनी, पुराव्याशिवाय, एका माणसाचा डोळा सुजवला होता.

"पण मास्तर," गर्दीच्या टोकाकडून आवाज आला. अंबूबाई काठीवर रेलून उभी होती. "तुमची दमणी तं काल दिवे लागल्यावर नांदुऱ्याच्या सडकेनं गावाकडं गेली. म्या तिथंच बसून होती. बैल तवा मेलेला होता."

त्या दिवशी गावात बोललं गेलेलं सगळ्यात वजनदार वाक्य हे होतं.

"चूप बस ना बाई," भगवानराव खेकसले. "मास्तर स्वतः बोलून राह्यले, अन् ह्या बाईचं काय चाललं?" चारी बाजूंनी लोकांनी तिला गप्प केलं. तिनं मास्तरांकडे पाहिलं. ते एक शब्द बोलले असते, 'थांबा, तिला बोलू द्या' एवढंच, तर पुरलं असतं. कोकिळा पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. मास्तरांनी मान खाली घातली आणि अंबूबाईला तिसऱ्यांदा पोकळ ठरवलं.

डफडं वाजू लागलं. कुणी तरी कय्यूमचा दोर कापला. भगवानरावांनी स्वतःहून बाळ्याला पुढं घेतलं आणि एकट्या बाळ्याला तोरणाखालून पहिलं जाऊ दिलं, त्यावर लोकांनी वाहवा केली. गाव पुन्हा सणाला लागलं.

कय्यूम चावडीच्या पायरीवर बसून डबे गोळा करत होता. मनगटांवर दोराचे वळ उठले होते. मास्तर त्याच्यापाशी गेले.

"कय्यूम, मला माफ कर. रात्रीच यायला हवं होतं."

कय्यूमनं लाल डब्याचं झाकण दाबून बसवलं. "रातभर म्या हेच सांगून राह्यलो होतो मास्तर, का म्या नाई केलं. मार खात गेलो अन् सांगत गेलो. तुमी एकदा बोलले, अन् खरं झालं."

"गोष्ट खरीच होती, कय्यूम."

"हाव. पण त्याच्यानं नाई सुटलो म्या."

खोकं डोक्यावर घेऊन तो उठला. अजून पन्नास-साठ बैलांची शिंगं रंगवायची राहिली होती, पण तो नांदुऱ्याच्या वाटेला लागला. त्याला थांबवावं असं मास्तरांना फार वाटलं. त्यासाठी त्यांना एकही कारण सापडलं नाही.